बॉनव्हिल स्पीड वीक : प्रथमच जाणाऱ्या प्रेक्षकांच्या मुक्कामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दर ऑगस्टमध्ये भरणारी ‘स्पीड वीक’ ही जमिनीवरील वेगाच्या शर्यतींची सर्वांत नावाजलेली सभा आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरात किंवा सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती गाडीने गाठता येते, आणि उन्हाळ्यात यलोस्टोनकडे निघालेल्या अनेकांच्या वाटेवरच ती लागते. पुढील उत्तरे केवळ प्रेक्षक म्हणून, स्वतःचा तंबू किंवा मुक्कामाची गाडी घेऊन, पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहेत.

ही शर्यत नेमकी कशी असते? दोन गाड्या एकमेकींशी स्पर्धा करतात का?

नाही. येथे प्रत्येक वाहन एकटेच धावते आणि त्याची स्पर्धा घड्याळाशी, किंबहुना आपल्या वर्गातील, म्हणजे तशाच प्रकारच्या वाहनांच्या गटातील, जुन्या विक्रमाशी असते. लांब मार्ग साधारण पाच मैलांचा असतो. त्यातील पहिले दोन मैल वेग घेण्यासाठी असतात आणि पुढच्या प्रत्येक मैलातील सरासरी वेग मोजला जातो. चालू विक्रमापेक्षा जास्त वेग नोंदवणारे वाहन तेथून थेट ‘इम्पाउंड’ या राखीव आवारात जाते, रात्रभर पंचांच्या नजरेखाली राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावते. या दोन धावांची सरासरी जुन्या विक्रमाच्या वर गेली, तरच नवा विक्रम मान्य होतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या जागतिक विक्रमांसाठी एका तासाच्या आत उलट दिशेने दुसरी धाव घ्यावी लागते. स्पीड वीकमध्ये मात्र दोन्ही धावा एकाच दिशेने होतात.

हे तपशील मुक्कामाच्या प्रश्नांत आधी सांगण्याचे कारण असे की, विक्रमाची दुसरी धाव सकाळी, हवा थंड आणि वारा पडलेला असताना होते. थंड हवा दाट असल्यामुळे इंजिनाला अधिक प्राणवायू मिळतो आणि आडव्या वाऱ्याचा धोकाही कमी असतो. आपला तंबू कोठे लावायचा, रात्री किती वाजता झोपायचे, पाणी आणि न्याहारीची तयारी केव्हा करायची, हे सर्व सकाळी लवकर प्रवेशद्वारापाशी पोहोचता येईल अशा बेताने ठरवावे. दहा वाजता निवांत उठून येणाऱ्या प्रेक्षकाला दिवसातील सर्वांत चांगला भाग हुकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मिठाच्या मैदानावरच तंबू ठोकता येतो का?

येत नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज हाच असतो. हे मैदान ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या केंद्रीय खात्याच्या ताब्यातील संरक्षित सार्वजनिक जमीन आहे आणि मिठाच्या पृष्ठभागावर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई आहे. दिवसाच्या धावा संपल्यावर प्रेक्षकांनी मैदान सोडावयाचे असते.

या मनाईमागे कारणही आहे. येथील मिठाचा थर वरून दगडासारखा वाटला तरी तो जागोजागी पातळ आहे आणि त्याच्याखाली ओला चिखल आहे. प्राचीन बॉनव्हिल सरोवर आटल्यावर हे मैदान मागे राहिले. आजही हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी साचते आणि उन्हाळ्यात ते आटताना मिठाचा पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. गेल्या काही दशकांत हा थर झिजत चालल्याने लांब मार्ग आखण्याजोगी जागाही घटली आहे. अशा जमिनीवर हजारो माणसांनी आठवडाभर चुली मांडणे आणि सांडपाणी ओतणे परवडणारे नाही.

मग मुक्काम कोठे करावा?

आंतरराज्य महामार्ग 80 वरील 4 क्रमांकाच्या फाट्यावरून मैदानाकडे एक डांबरी रस्ता जातो. तो आधी उत्तरेकडे जाऊन नंतर पूर्वेकडे वळतो, आणि मिठाच्या कडेला पोहोचून संपतो. त्या वळणाच्या आसपासच्या जागेला सर्व जण ‘बेंड इन द रोड’ असेच म्हणतात, आणि स्पीड वीकच्या काळात तेथे तंबू, मुक्कामाच्या गाड्या आणि ‘हॉट रॉड’ म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांची एक तात्पुरती वस्ती उभी राहते. पाणी, वीज, सावली यांपैकी तेथे काहीही नसते, असे गृहीत धरूनच जावे. तरीही पहिल्या खेपेला आम्ही हीच जागा सुचवू, कारण येथून सकाळी प्रवेशद्वार सर्वांत जवळ पडते आणि संध्याकाळी शेजारच्या तंबूतील अनुभवी माणसे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे आनंदाने उत्तर देतात.

शांतता हवी असणाऱ्यांना उत्तरेकडील सिल्व्हर आयलंड डोंगरांच्या पायथ्याशी, आधीच वापरात असलेल्या मोकळ्या जागी राहता येते. तेथील कच्च्या रस्त्यावर जमिनीपासून उंच असलेली गाडी बरी पडते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर वेंडोव्हर गावातील हॉटेल किंवा नळ, वीज व स्नानगृह असलेले मुक्कामतळ हाच शहाणपणाचा पर्याय होय. मात्र या आठवड्यातील खोल्या कित्येक महिने आधी भरलेल्या असतात.

महामार्गाला लागूनच, 4 क्रमांकाच्या फाट्याच्या काही मैल पूर्वेला, एक विश्रांतीस्थान आहे. तेथून मिठावर पायी उतरता येते आणि पाय धुण्याची सोयही आहे. अनेक पर्यटक शर्यत तेथेच होत असेल असे समजून थांबतात. तेथून शर्यत दिसत नाही.

घड्याळाविषयी काही विशेष आहे का?

आहे, आणि कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी ते जरूर लक्षात ठेवावे. वेंडोव्हर हे गाव दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले आहे: पूर्वेचा भाग युटामध्ये, तर कॅसिनो असलेला पश्चिमेचा भाग नेव्हाडामध्ये. नेव्हाडाचा बहुतेक प्रदेश पॅसिफिक वेळ पाळतो. पण वेस्ट वेंडोव्हर मात्र युटाप्रमाणे माउंटन वेळेवर चालते. म्हणजे कॅलिफोर्नियातील घड्याळापेक्षा येथे एक तास पुढची वेळ असते. ऑगस्टच्या आरंभी सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. घड्याळ पुढे करायचे विसरलेला माणूस पहाटे उठलो या समजुतीत धावा सुरू झाल्यावर पोहोचतो.

उष्णता किती असते आणि पाणी किती न्यावे?

दुपारचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास जाणे सामान्य आहे. विदर्भात उन्हाळे काढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु येथील धोका वेगळ्या प्रकारचा आहे. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 1,285 मीटर उंचीवर आहे, हवा कमालीची कोरडी आहे आणि पांढरे मीठ ऊन खालून वर परतवते. घाम येताक्षणी वाळून जातो, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याचे ध्यानातच येत नाही. माणशी दिवसाला किमान चार ते पाच लिटर पिण्याचे पाणी धरावे. स्वयंपाक आणि धुण्यासाठीचे पाणी त्याहून निराळे. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा अधूनमधून मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा कोकम सरबत घेतलेले चांगले.

परावर्तित उन्हाचा विचार बहुतेक जण करीत नाहीत. रुंद काठाची टोपी डोक्यावर असली तरी हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडांना, कानांच्या मागे आणि अर्ध्या विजारीच्या आत मांडीच्या खालच्या बाजूलाही त्वचा भाजते. सनस्क्रीन या जागी आठवणीने लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि चांगल्या प्रतीचा काळा चष्मा यांना पर्याय नाही. डोके दुखणे, मळमळणे किंवा चिडचिड होणे ही लक्षणे दिसताच त्या माणसाला सावलीत किंवा गाडीच्या थंड हवेत न्यावे. विक्रमाची धाव पाहण्यासाठी त्याला थांबवून ठेवू नये.

तंबू आणि सावलीसाठी कोणती तयारी लागते?

दिवसा मैदानावर सावलीसाठी चार पायांचे कापडी छत नेता येते. मात्र ते बांधण्याची व्यवस्था नीट असली पाहिजे. दुपारनंतर वारा अचानक उठतो आणि न बांधलेले छत उडून शेजाऱ्याच्या गाडीवर किंवा माणसावर आदळते. तंबूबरोबर येणाऱ्या पातळ खुंट्या घट्ट मिठात शिरतच नाहीत, वाकतात. जाड लोखंडी खिळे आणि वजनदार हातोडा न्यावा, किंवा छताच्या प्रत्येक पायाला पाण्याचे भरलेले डबे बांधावेत. परतताना सर्व खिळे उपटून न्यावेत, कारण मिठात राहून गेलेला एक खिळा पुढे एखाद्या टायरचा घात करू शकतो. छत पसरण्याआधी ती जागा प्रेक्षकांसाठी खुली आहे ना, हे स्वयंसेवकांना विचारून घ्यावे.

मुक्कामाच्या जागी तंबूचे दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे आणि सकाळी निघण्यापूर्वी तंबू एक तर पाडून ठेवावा किंवा आत जड सामान ठेवावे. रात्री हवा सुखद गार होते. हलके पांघरूण पुरते. झोपेची अडचण थंडीपेक्षा आवाजाची असते. महामार्गावरील ट्रक, लोहमार्गावरील मालगाड्या, शेजाऱ्यांचे जनरेटर आणि मध्यरात्रीपर्यंत फेरफटका मारणाऱ्या हॉट रॉड गाड्या यांची सवय नसेल, तर कानात घालायचे बोळे जवळ ठेवावेत. तेच बोळे सकाळी आरंभरेषेपाशीही उपयोगी पडतात.

स्वयंपाकाचे आणि खाण्याचे काय करावे?

मैदानावर खाद्यपदार्थांच्या गाड्या असतात, पण शाकाहारी माणसाने त्यांच्यावर विसंबून राहू नये. मुक्कामाच्या जागी गॅसची शेगडी सोयीची. लाकडाची शेकोटी टाळावी. या परिसरात जळण मिळत नाही आणि उन्हाळ्यात आग पेटवण्यावर अनेकदा निर्बंध असतात. दशम्या, थालीपीठ, कोरडी चटणी, चिवडा असे प्रवासाचे पदार्थ या हवेत दोन-तीन दिवस उत्तम टिकतात, फक्त ते हवाबंद डब्यात ठेवावेत, कारण उघडी राहिलेली पोळी अर्ध्या तासात पापडासारखी होते. बर्फ, इंधन आणि किराणा वेंडोव्हरमध्ये मिळतो.

प्रेक्षकाला प्रत्यक्षात काय दिसते? फार दुरून पाहावे लागते, असे ऐकले आहे.

ते खरे आहे. सुरक्षिततेसाठी प्रेक्षकांना मार्गापासून बरेच लांब ठेवले जाते. मधल्या मैलांवर उभे राहिल्यास क्षितिजावर एक ठिपका सरकताना दिसतो, त्याच्या मागे मिठाचा फवारा उठतो आणि आवाज थोडा उशिराने येतो. दुर्बीण अवश्य न्यावी. निवेदक प्रत्येक वाहनाचा वर्ग, चालकाचे नाव आणि नोंदवलेला वेग रेडिओवरून सांगत असतो. कोणत्या वाहिनीवर ऐकायचे ते प्रवेशद्वारापाशी विचारून घ्यावे. हे निवेदन ऐकल्याशिवाय समोर काय घडले ते कळतच नाही.

आमच्या मते दिवसाचे दोन भाग करावेत. सकाळचा वेळ आरंभरेषेच्या बाजूला घालवावा. उंच गिअरांमुळे अनेक वाहनांना स्वतःहून निघता येत नाही, म्हणून मागून ट्रक त्यांना ढकलतो. मग ट्रक बाजूला होतो आणि इंजिनाचा सूर बदलत बदलत दूर जातो. हा क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. ऊन वाढले की ‘पिट्स’ म्हणजे दुरुस्तीच्या तळाकडे वळावे. इतर मोठ्या शर्यतींमध्ये जेथे प्रेक्षकाला पाऊलही टाकू देत नाहीत, तेथे बॉनव्हिलला मोकळेपणाने फिरता येते. उघडे इंजिन, पॅराशूटची घडी घालणारे हात, दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या जादा इंधनटाक्यांच्या घाटाची ‘लेकस्टर’ वाहने, सुईसारखे निमुळते ‘स्ट्रीमलाइनर’ आणि त्यांच्याच शेजारी कोणाच्या तरी घरच्या गॅरेजमध्ये घडलेली मोटरसायकल, हे सारे हाताच्या अंतरावर असते. परवानगी विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये, आणि घाईत काम करणाऱ्या चमूला प्रश्न विचारू नयेत. रिकामा बसलेला यांत्रिक स्वतःहून बोलायला येतो. गर्द लाल टोपी घातलेली व्यक्ती दिसली, तर ती ताशी दोनशे मैल, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरचा टप्पा विक्रमासह ओलांडलेल्यांच्या मंडळाची सदस्य असण्याची शक्यता आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करून जावी: दिवसातील बराचसा काळ वाट पाहण्यात जातो. मार्गावर तेल सांडले, वारा वाढला, एखादे वाहन भरकटले, तर मार्ग साफ होईपर्यंत सारे थांबते.

या जागेचे एवढे महत्त्व कशामुळे?

1935 मध्ये सर माल्कम कॅम्बेल यांनी येथेच ताशी 301 मैलांचा वेग नोंदवून तीनशेचा टप्पा प्रथम ओलांडला. गॅरी गॅबेलिच यांच्या ‘ब्लू फ्लेम’ या रॉकेटवाहनाने 23 ऑक्टोबर 1970 रोजी येथेच ताशी 622.407 मैल, म्हणजे हजार किलोमीटरपेक्षा किंचित अधिक वेग गाठला. त्यानंतर सर्वोच्च जागतिक विक्रमाची जागा नेव्हाडातील ब्लॅक रॉक वाळवंटाकडे गेली. अँडी ग्रीन यांनी 1997 मध्ये ध्वनीचा वेग ओलांडला तो तेथे. पण बॉनव्हिलचे खरे वैशिष्ट्य हौशी माणसांच्या सभेत आहे. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही 1937 साली स्थापन झालेली संस्था 1949 पासून येथे स्पीड वीक भरवत आली आहे आणि तिचे बहुतेक काम स्वयंसेवक करतात. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी 1967 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, 1920 सालच्या इंडियन मोटरसायकलवर ताशी 184.087 मैलांचा विक्रम केला, तोही याच मिठावर.

शर्यत रद्द होण्याची शक्यता असते का?

असते, आणि ती गंभीरपणे घ्यावी. 2014 मध्ये पावसामुळे आणि 2015 मध्ये मिठाची अवस्था वाईट असल्यामुळे स्पीड वीक झाली नाही. 2022 मध्ये सुरुवातीच्या तोंडावर पावसाने मैदानावर पाणी साचले आणि लोक येऊन पोहोचल्यावर ती रद्द झाली. म्हणून परत न मिळणारी आगाऊ रक्कम कोठेही गुंतवू नये, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी आयोजकांची सूचना पाहूनच गाडी काढावी. सॅन फ्रान्सिस्कोहून हा प्रवास एका बाजूने सुमारे हजार किलोमीटरचा आहे.

तारखा जुळत नसतील किंवा ऊन सोसत नसेल, तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी भरणाऱ्या ‘वर्ल्ड फायनल्स’ या सभेचा विचार करावा. ती लहान असते, हवा थंड असते आणि गर्दी कमी असते. केवळ प्रेक्षक म्हणून जाणाऱ्या कुटुंबाला तीच अधिक मानवेल, असे आम्हाला वाटते.

मुलांना न्यावे का?

सावली, पाणी आणि कानांवर लावायचे संरक्षक यांची सोय असेल तर अवश्य न्यावे. पण मैदानावर हात सोडू नये. चारही बाजूंना पांढरेशुभ्र सपाट मैदान असल्याने अंतराचा अंदाज चुकतो आणि दूर भासणारी गाडी पाहता पाहता जवळ येते.

गाडी मिठावर नेण्यात काही धोका आहे का?

आखून दिलेल्या रस्त्यावरून, ठरवलेल्या वेगमर्यादेत गेल्यास धोका नाही. रस्ता सोडून छायाचित्रासाठी मैदानाच्या कडेकडे जाणाऱ्या गाड्या मात्र दर वर्षी रुततात. कच्छच्या रणाच्या कडेला जसा वरचा पापुद्रा फुटून चाक खाली चिखलात जाते, तसेच येथेही होते, आणि ओढून काढणाऱ्या ट्रकचे भाडे सहलीच्या उरलेल्या खर्चाएवढे होऊ शकते. मीठ ओले असेल तर त्यावर गाडी मुळीच नेऊ नये. भाड्याची गाडी असेल, तर डांबरी रस्त्याबाहेर चालवण्याविषयी करारात काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

परतताना कोणती काळजी घ्यावी?

गाडी मैदानावरून बाहेर काढल्यावर हळू चालवून सुटे मीठ झडू द्यावे आणि लांबच्या प्रवासाला लागण्यापूर्वी वेंडोव्हरमध्येच ती धुवावी. वरचा रंग धुतला म्हणजे काम झाले असे समजू नये. चाकांच्या कमानी, सांगाड्याचा तळ, ब्रेकचे भाग आणि रेडिएटरची जाळी यांवर चिकटलेले मीठ वाळून टणक होते आणि पुढे गंज धरते. पाण्याचा फवारा खालून, निरनिराळ्या कोनांतून मारावा, आणि घरी पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा एकदा तळ धुवावा. तंबूच्या झिप, खुर्च्यांचे सांधे, कॅमेऱ्याच्या तिपाईचे स्क्रू आणि बुटांची शिवण हेही गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. कचरा, सिगारेटची थोटके आणि स्वयंपाकाचे सांडपाणी आपल्याबरोबर परत न्यावे.